उत्तररामचरितातील प्रेम आणि लोकापवाद

प्रेम मनुष्याला उन्नत करते, हा विचार संस्कृत नाटकाच्या चर्चेत इतक्या सहजपणे मांडला जातो की, तो कसोटीला लावण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. विरहाने प्रेम शुद्ध होते, शेवटी मीलन घडते आणि टीकाकाराचे समाधान होते. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ मात्र या सूत्रात बसावयास तयार नाही. रामाचे सीतेवर प्रेम होते याविषयी शंका नाही. मग त्या प्रेमाने सीतेचे हित कोणते झाले?

मराठी रंगभूमीने १८८० साली संगीत नाटकाचा शुभारंभ केला तो ‘शाकुंतला’ने, आणि तेव्हापासून आपल्याकडे आदर्श प्रेमाची कल्पना बहुतांशी दुष्यंत-शकुंतलेच्या छायेत वाढली. परंतु महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. लोक संशय घेतील, हे त्याचे नंतरचे समर्थन. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका आणून नायकाला या अप्रिय प्रसंगातून सोडविले. विस्मरणाला दोष कसा द्यावयाचा? भवभूती असा पडदा टाकत नाही. त्याचा राम काहीही विसरलेला नाही. सीता निष्कलंक आहे हे त्याला ठाऊक आहे, ती त्याच्या बाहूवर विश्वासाने निजलेली आहे, आणि त्याच क्षणी दुर्मुखाने आणलेल्या वार्तेपुढे तो मान तुकवितो. कालिदासाने टाळलेला लोकापवाद येथे नाटकाच्या केंद्रस्थानी आला आहे.

लोकाराधनेसाठी स्नेह, दया, सौख्य, किंबहुना जानकीचाही त्याग करीन, असे राम पहिल्या अंकात म्हणतो, आणि सीता त्याचे कौतुक करते. (येथील ‘स्नेह’ मराठीत तसाच ठेवला तर तो मैत्रीपुरता उरतो आणि त्यागाची किंमत उगीचच कमी होते.) त्या त्यागाचा हिशेब मागितला जातो तो बारा वर्षांनी, तिसऱ्या अंकात. कीर्ती प्रिय म्हणणाऱ्या रामाने केवढी अपकीर्ती जोडली, हे वनदेवता वासंती त्याला तोंडावर ऐकविते. अदृश्य सीता जवळच उभी आहे; ती रागावते ती रामावर नव्हे, वासंतीवर. छायासीतेच्या या योजनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण तिचे खरे मर्म करुण रसात नसून साक्षीत आहे. पतीचा पश्चात्ताप निरोप्यामार्फत न येता सीतेला स्वतः पाहावयास मिळतो, आणि अश्वमेधात आपल्या जागी आपलीच सुवर्णप्रतिमा आहे हे कळल्यावर परित्यागाचे शल्य निघते. प्रेम येथे अन्याय थांबवीत नाही. अन्याय करणाऱ्याला तो नाकारू देत नाही, एवढेच.

एवढेच, कारण या प्रेमाला मर्यादा आहेत. शंबूकावर शस्त्र उगारताना राम आपल्याच हाताला म्हणतो की, गर्भभाराने थकलेल्या सीतेला घालविणाऱ्याला करुणा कुठली! या उद्गारात आत्मनिंदा पुरेपूर आहे, तरी हात थांबत नाही. मृत शंबूकाला दिव्य रूप देऊन कवी पुढे जातो. आजच्या वाचकाला तितक्या सहज पुढे जाता येऊ नये. एका व्यक्तीसाठी व्याकुळ झालेले अंतःकरण दुसऱ्यासाठी आपोआप उघडत नाही, हे भवभूतीने जाणून दाखविले की नकळत, याचा निर्णय करणे कठीण आहे.

सातव्या अंकात तो वाल्मीकीची कथा बदलतो. गंगातीरी, समस्त प्रजेसमक्ष, सीतेचे दुःख नाटकातल्या नाटकातून दाखविले जाते. हे नाटक आहे, अशी रामाला लक्ष्मणाने आठवण करून द्यावी लागते. त्यानंतरचे मीलन पतिपत्नींपुरते असते तर ते लंगडे ठरले असते. रामाला एकट्याला जे ठाऊक होते ते आता सर्वांना ठाऊक व्हावयाचे असते, म्हणून अरुंधती थेट पौरजनांना विचारते. ते सीतेला वंदन करतात, आणि तेही आपणास लक्ष्मणाच्या तोंडून कळते. ज्यांच्या बोलण्याने ती वनात गेली, त्यांना नाटककाराने येथे एकही वाक्य दिलेले नाही.