शाळाशिक्षक आणि दप्तर : वासुदेवशास्त्री खरे यांच्या इतिहासलेखनाचे मूल्यमापन

मराठी इतिहाससंशोधनाची परंपरा विद्यापीठांत नव्हे, तर विद्यापीठांबाहेर रुजली. वासुदेव वामन खरे (1858-1924) हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. गुहागरला जन्मलेले खरेशास्त्री व्यवसायाने संस्कृतचे शिक्षक होते. पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूलनंतर त्यांची बहुतेक हयात मिरजेच्या हायस्कुलात अध्यापन करण्यात गेली. ते कवी आणि नाटककारही होते. तथापि त्यांचे चिरस्थायी कार्य इतिहासाच्या क्षेत्रातील आहे.

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. पेशवाईच्या उत्तरार्धात कर्नाटकच्या सरहद्दीवर हैदर व टिपू यांच्याशी झुंजणाऱ्या या घराण्याच्या दप्तरातील मोडी पत्रे खऱ्यांनी वाचली, निवडली आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने प्रकाशात आणली. त्यांच्या हयातीत या संग्रहाचे बारा भाग निघाले. पुढील काम त्यांचे पुत्र यशवंत वासुदेव खरे यांनी चालविले.

या संग्रहाचे वैशिष्ट्य असे की, पत्रांपूर्वी संपादक त्या काळाचा सलग वृत्तान्त देतो. विद्यार्थ्याला संदर्भ समजावून देऊन मगच मूळ पाठाकडे नेण्याची ही शिक्षकी रीत आहे. तिचा लाभ उघड आहे : तुटक पत्रांतून सुसंगत कथानक उभे राहते. मात्र तिचा धोकाही तितकाच उघड आहे. वाचक पत्रापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो. त्यातच दप्तर एका सरदार घराण्याचे असल्याने मराठी राज्य प्रामुख्याने त्या घराण्याच्या छावणीतून दिसते.

ही मर्यादा 1796 च्या घडामोडींत विशेष जाणवते. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर वारसाच्या प्रश्नावर नाना फडणवीस आणि परशुरामभाऊ पटवर्धन परस्परांविरुद्ध उभे राहिले. खरे हे नानांचे चरित्रकार (1892) आणि पटवर्धनांच्या पत्रांचे संपादकही. चरित्र आधी लिहिले गेले, पत्रे नंतर छापली गेली. त्यामुळे चरित्रातील निष्कर्ष पत्रांच्या कसोटीवर पुन्हा तपासणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. ही कसोटी खऱ्यांनीच उपलब्ध करून दिली, हे त्यांच्या संशोधकीय प्रामाणिकपणाचे गमक मानावे लागेल.

वसई परिसरातील अभ्यासकांना या साधनांचे आणखी एक महत्त्व आहे. वसईचे नाव इतिहासात प्रामुख्याने 1739 च्या विजयाने आणि 31 डिसेंबर 1802 च्या तहाने येते. पहिल्या घटनेचा अभिमान बाळगला जातो, दुसरीचा खेद. परंतु हडपसरच्या लढाईनंतर दुसरा बाजीराव वसईस येऊन इंग्रजांशी तह करतो, ही केवळ एका व्यक्तीच्या दुर्बलतेची कथा नव्हे. सरदार आणि मध्यवर्ती सत्ता यांच्यातील विश्वास त्याआधी कित्येक वर्षे ढासळत होता. ही प्रक्रिया तहाच्या कलमांत दिसत नाही. ती सरदारांच्या खासगी पत्रव्यवहारात शोधावी लागते.

खऱ्यांचे निष्कर्ष आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत. रयत, स्त्रिया, कारागीर यांचे जीवन त्यांच्या कथनाच्या केंद्रस्थानी नाही. तरीही शाळेचे तास सांभाळून एका गावातील दप्तराशी आयुष्यभर निष्ठा राखण्याची त्यांची वृत्ती अनुकरणीय आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या परिसरातही देवस्थाने, चर्च, ग्रामसंस्था आणि जुनी घराणी यांचे कागद असतात. ते कसर लागण्यापूर्वी वाचले जाणे, हाच खऱ्यांच्या कार्याचा यथोचित पुढावा ठरेल.