दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहिलेले गद्य

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा इतिहास बाळशास्त्री जांभेकर, लोकहितवादी, विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर आणि हरिभाऊ आपटे या नावांच्या आधाराने सांगितला जातो. या नावांचे मोठेपण वादातीत आहे. मात्र याच काळात असेही काही लेखन झाले, ज्याला कित्येक दशके ना दुसरी आवृत्ती मिळाली, ना वाङ्मयेतिहासात प्रकरण, ना पाठ्यपुस्तकात पान. यातील बरेच लेखन आज उपलब्ध आहे आणि त्याचा गौरवही होतो. पण तो बहुधा समाजसुधारणेचा पुरावा म्हणून होतो. हे लेखन वाङ्मय म्हणून वाचले, तर मराठी गद्याच्या आरंभाचे चित्रच बदलते.

या लेखनातील सर्वांत लहान आणि सर्वांत धारदार नमुना मुक्ता साळवे हिच्या निबंधाचा आहे. मांग समाजातील ही मुलगी फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकत होती. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’मध्ये 1855च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांत छापून आला. तिचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड आहे. वेद ज्यांचे, त्यांनाच ते वाचण्याचा अधिकार असेल, तर ज्यांना वेद पाहण्याचीही बंदी आहे त्यांच्यापाशी धर्मपुस्तकच नाही. मग त्यांचा धर्म कोणता, हे देवाने सांगावे, अशी तिची मागणी आहे. यानंतर ती पेशवाईतील अत्याचारांकडे वळते. इमारतीच्या पायात तेलशेंदूर पाजून पुरलेली माणसे आणि छपराविना बाळंत होणाऱ्या बाया ती एकामागून एक समोर आणते. तर्कातून करुणेकडे आणि करुणेतून शेवटी शिक्षणाच्या आवाहनाकडे जाणारी ही रचना कसलेल्या निबंधकाराची आहे. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874 साली सुरू झाली. त्याआधी 19 वर्षे एका शाळकरी मुलीने मराठी निबंध या उंचीवर नेला होता, ही गोष्ट निबंधाच्या इतिहासात पहिल्याच प्रकरणात यायला हवी.

त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले आणि ते हस्तलिखितातच राहिले. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, भोळा नवरा, मध्ये पडणारा पाद्री आणि सगळ्या प्रसंगावर सतत भाष्य करणारा विदूषक अशी त्याची मांडणी आहे. विष्णुदास भाव्यांच्या पौराणिक खेळांचा तो काळ होता. अशा वेळी समकालीन शेतकऱ्याचे घर रंगमंचावर आणण्याचा विचार या नाटकात दिसतो. पात्रांच्या कपटावर तिथल्या तिथे बोट ठेवणारा विदूषक हे त्याचे खास बलस्थान आहे. हे नाटक छापले गेले 1979 साली. त्यामुळे मराठी सामाजिक नाटकाची परंपरा त्याच्याशिवाय घडली आणि त्याच्याशिवायच शिकवली गेली.

कादंबरीच्या क्षेत्रात बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’चे (1857) नाव तुलनेने परिचित आहे, ‘पहिली मराठी कादंबरी’ या एका ओळीत ते परीक्षेपुरते लक्षात ठेवले जाते. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक निघाले. यमुना पतीबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते, ऐकते; पुढे पती अपघातात जातो आणि जे पाहिले ते तिलाच भोगावे लागते. साक्षीदार असलेल्या स्त्रीला भोगणारी करण्याची ही युक्ती कथानकाला मोठे बळ देते. ख्रिस्ती धर्मप्रचाराचा हेतू शेवटाकडे कथेवर स्वार होतो, हा दोष खरा आहे. पण त्या एका दोषापायी वास्तवाला सरळ भिडणारी तिची दृष्टी दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली आणि मराठी कादंबरी ‘मुक्तामाला’च्या (1861) अद्भुतरम्य वाटेने पुढे गेली. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना ‘यमुनापर्यटन’ला एका स्वतंत्र प्रवृत्तीचे उगमस्थान मानले. त्यामुळे या पुस्तकाला केवळ कालक्रमातील पहिल्या क्रमांकापलीकडचे स्थान मिळाले.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती 500, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर उठलेली टीकेची झोड हे त्याचे निमित्त. ताराबाई बुलढाण्याच्या, वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक चळवळीतले. पुस्तकावर टीका झाली तेव्हा फुल्यांनी 1885 साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही.

या पुस्तकाची ताकद त्याच्या आवाजात आहे. ताराबाई पुरुषांना थेट समोर उभे करून जाब विचारतात. म्हणी, टोमणे, बायकांच्या बोलण्यातले हेल आणि संतापाचा चढता सूर यांतून परिच्छेद पुढे रेटतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली, पण बायकोसाठी त्या वाटेवर चार पावले गेलेला नवरा कोणी ऐकला आहे का, हा त्यांचा सवाल संपूर्ण पतिव्रताधर्माचा पाया हलवतो. त्यांच्या कार्याचा आणखी एक पैलू सहसा नजरेआड होतो. ‘मुक्तामाला’, ‘मनोरमा’ नाटक यांसारख्या समकालीन कृतींत स्त्रिया कशा रंगवल्या आहेत, याची त्यांनी झडती घेतली. साहित्यातील स्त्रीप्रतिमेची चिकित्सा ही समीक्षेची शाखा पुढे फार उशिरा रूढ झाली. तिचे मराठीतील मूळ या पुस्तकात आहे. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा प्रकाशित केले. पुढे रोझलिंड ओ’हॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर 1994 साली आले आणि मराठीबाहेरही त्याचा अभ्यास सुरू झाला.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची कथा निराळी आहे. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि 1857च्या धुमाळीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. लढाईचे वर्णन करताना त्यांची नजर सेनापतींपेक्षा घरांत, गल्ल्यांत आणि विहिरींवर अधिक फिरते. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानलेली, धुळीने माखलेली राणी त्यांना भेटते आणि ओंजळीने पाणी पिते. या छोट्या प्रसंगाने जे साधले ते पुढच्या अनेक वीररसपूर्ण चरित्रांना साधले नाही. सर्वस्व लुटले गेल्यावरही आईवडिलांसाठी गंगेची कावड वरसईला आणणारा हा निवेदक स्वतःच एक अविस्मरणीय व्यक्तिरेखा ठरतो. चिं. वि. वैद्य यांनी 1907 साली हे पुस्तक प्रसिद्ध केले, पण भाषेवर संस्कार करून आणि काही मजकूर वगळून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी 1966 साली संपादित केलेली आवृत्ती आल्यावर गोडसे यांची खरी, अघळपघळ आणि जिवंत बोली वाचकांसमोर आली.

काशीबाई कानिटकर (1861–1948) यांचे नाव हरिभाऊ आपट्यांच्या संदर्भात बऱ्याचदा येते. त्यांच्या स्वतःच्या लेखनाचे वाचन त्या मानाने कमी झाले. ‘रंगराव’ ही कादंबरी, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र (1889) आणि ‘पालखीचा गोंडा’ (1928) ही त्यांची महत्त्वाची पुस्तके. एका संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या हाती आल्यावर समाज कसा घडेल, याची ‘पालखीचा गोंडा’तील कल्पना मराठीत दुर्मीळ आहे. सरोजिनी वैद्य यांनी त्यांचे आत्मचरित्र आणि चरित्र संपादित केले आणि मीरा कोसंबी यांनी त्यांचे लेखन इंग्रजीत नेले. त्यामुळे काशीबाईंची स्वतंत्र लेखिका म्हणून ओळख पक्की झाली.

या पुस्तकांच्या विस्मरणाची कारणे वाङ्मयबाह्य आहेत. दक्षिणेसारखा राजाश्रय पुण्याच्या विद्वानांच्या पसंतीवर चाले. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली घडलेल्या क्रमिक पुस्तकांनी प्रमाण मराठीचा साचा ठरवला, आणि त्यात न बसणारी बोली ‘अशुद्ध’ ठरली. मिशनच्या छापखान्यातून आलेले लेखन प्रचार म्हणून बाजूला पडले. स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र लेखकांच्या पाठीशी प्रती विकणारे, परीक्षणे लिहिणारे वर्तुळ नव्हते. गुणवत्तेची परीक्षा होण्याआधीच ही पुस्तके बाजारातून नाहीशी झाली.

म्हणूनच या परंपरेत संपादकाचे स्थान लेखकाच्या खालोखाल आहे. मालशे, पोतदार आणि सरोजिनी वैद्य यांनी केवळ जुनी पाने छापली नाहीत. पुढच्या पिढ्यांना पूर्वज मिळवून दिले. 1970 नंतर दलित आणि स्त्रीवादी लेखनाने स्वतःची परंपरा शोधली तेव्हा मुक्ता साळवे आणि ताराबाई शिंदे हाताशी होत्या, त्या या कष्टांमुळे. आता उरलेले काम दोन प्रकारचे आहे. पहिले पाठचिकित्सेचे: पाठभेद, शब्दकोश आणि संदर्भटीपा असलेल्या आवृत्त्या, तसेच ‘ज्ञानोदय’, ‘दीनबंधु’ यांसारख्या नियतकालिकांतील विखुरलेल्या लेखनाची सूची. दुसरे समीक्षेचे: निबंधाचा अभ्यास मुक्ता साळवेपासून, नाटकाचा ‘तृतीय रत्न’सह आणि प्रवासवर्णनाचा गोडसे यांच्या मूळ पाठावरून करण्याचे. या कृतींना इतिहासाच्या परिशिष्टातून काढून वाङ्मयप्रकारांच्या मुख्य चर्चेत बसवले, तर मराठी गद्याची सुरुवात आजवर मानली गेली त्याहून अधिक धीट, अधिक विविध आणि अधिक लोकाभिमुख होती, हे स्पष्ट होते.