धड्यातले स्वादुपिंड आणि पोटातले स्वादुपिंड

शालेय विज्ञानात स्वादुपिंड दोनदा भेटते. पचनाच्या धड्यात ते विकरे देते, संप्रेरकांच्या धड्यात इन्शुलिन. दोन्हीकडे वाट्याला येतात त्या चार-दोन ओळी. पिंड एकच आहे आणि ते सडले-सुकले तर दोन्ही कामे बुडतात, हे सांगणे मात्र राहून जाते. आमची तक्रार या फाळणीबद्दल आहे.

नावही फारशी मदत करीत नाही. ‘स्वादु’मुळे मुलांना जीभ आठवते. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला बालाघाट. तिकडच्या हिंदी पुस्तकात हाच अवयव ‘अग्न्याशय’ होतो आणि तुमसरकडच्या मुलाला ते जठराचेच दुसरे नाव वाटते. (मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सगळे मांसच’. तोही काही सांगत नाही!)

खरा दोष आकृतीत आहे. स्वादुपिंड दिसावे म्हणून चित्रकार ते जठराखाली मोकळे काढतो. वास्तवात ते जठराच्या मागे, कण्याला टेकून आडवे असते. निदान अवघड का, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. डॉक्टरांच्या हाताला ते सहसा लागत नाही. दुखणे पाठीत जाते, पुढे वाकून बसल्यावर थोडे हलके वाटते. सोनोग्राफीत आतड्यातला वायू आड येतो, म्हणून पुष्कळदा सी. टी. स्कॅन करावा लागतो. गावात मात्र वरच्या पोटातल्या प्रत्येक दुखण्याला ‘गॅस’ हे एकच नाव आहे.

दुसरी गोष्ट नळ्यांची. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका बहुतेकांत एकाच मुखाने लहान आतड्यात उघडतात. पित्ताचा खडा त्या मुखाशी अडकला की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. त्यातले ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात तयार होते आणि आतड्यात गेल्यावर जागे होते. ते पिंडातच जागे झाले तर पिंड स्वतःलाच पचवू लागते. हान्स क्यारी यांनी ही कल्पना 1896 साली मांडली. नळ्या वेगवेगळ्या दाखवणाऱ्या आकृतीवरून हे कोणत्या विद्यार्थ्याला सुचणार?

लाळ, पिष्ट आणि आयोडीन यांचा प्रयोग बहुतेक शाळांत होतो. लाळेतले अमायलेज स्वादुपिंडातही असते. पिंडाला सूज आली की ते रक्तात उतरते, म्हणून रक्त तपासतात. पण गालगुंडातही रक्तातले अमायलेज वाढते! लायपेजची तपासणी अधिक भरवशाची, ती यामुळेच. 2012 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार विशिष्ट पोटदुखी, विकरे कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट आणि प्रतिमेत दिसणारी सूज, या तिनांपैकी दोन खुणा हव्यात. उलट, जुनाट आजारात पिंड इतके सुकते की अमायलेज वाढतच नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे आजार नाही, असे म्हणता येत नाही. इतका चांगला तर्काचा पाठ हाताशी असून तो वापरला जात नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

लोकप्रिय लेखांत कारण म्हणून दारूचे नाव येते. ते खरे आहे, पण अपुरे. 1959 साली झुइडेमा यांनी इंडोनेशियात कृश, मधुमेही रुग्णांच्या स्वादुपिंडात खडे पाहिले. पुढे केरळात डॉ. गीवर्गीज यांनी असे शेकडो रुग्ण अभ्यासले. त्यांत दारूला न शिवलेली लहान वयाची माणसे होती. संशय कसाव्यावर, म्हणजे टॅपिओकावर गेला. भंडाऱ्याच्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. धानाच्या बांधीत पेरली जाणारी लाखोळीची डाळ आणि पाय लुळे पाडणारा लॅथिरिझम यांचा संबंध त्याला ठाऊक असतो. पण दोन्ही प्रकरणे सारखी निघाली नाहीत. लाखोळीतले विष वेगळे काढता आले. कसावा मात्र न खाणाऱ्या भागांतही हा आजार सापडला. आणि 2002 साली हैदराबादच्या सी. सी. एम. बी.तील संशोधकांनी ट्रिप्सिनला आवर घालणाऱ्या स्पिंक-1 या जनुकातील बदलांशी त्याचा संबंध दाखवला. एका अन्नावर बोट ठेवणे सोपे असते. इथे ते पुरले नाही.

2019 साली मनोहर पर्रीकर यांचे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा या अवयवाचे नाव घरोघरी पोचले. लक्षणे किती पोचली, याची आम्हांला शंका आहे. पिंडाच्या डोक्याशी गाठ झाली तर पित्तनलिका दाबली जाते: डोळे पिवळे, लघवी गडद, शौच मातकट पांढरे, अंगाला खाज, वजन उतरलेले, आणि पुष्कळदा दुखणे नाहीच. घरचे काविळीची माळ घालतात. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. गाठीची कावीळ चढतच राहते, आणि जी थोडी रुग्णे शस्त्रक्रियेने वाचू शकतात, त्यांचे आठवडे त्या माळेखाली निघून जातात. कावीळ शिकवताना शिक्षकांनी पांढऱ्या शौचाचा उल्लेख लाजून टाळू नये. आणि फळ्यावर जठर काढून झाल्यावर स्वादुपिंड त्याच्या मागे, तुटक रेषेने काढावे.