हस्तक्रिया आणि अर्थ : ‘स्कायवर्ड सोर्ड’ या खेळाची एक चिकित्सा

दृश्यपटावर खेळावयाच्या खेळांना वाङ्मयीन समीक्षेच्या कक्षेत घ्यावे की नाही, याविषयी दुमत संभवते. तथापि ज्या खेळात कथा आहे, पात्रे आहेत आणि खेळणाऱ्याच्या हाताची हालचाल हेच ज्या कथेचे क्रियापद आहे, त्या खेळाकडे भाषेच्या अभ्यासकाने पाठ फिरविणे उचित होणार नाही. निन्टेन्डो या जपानी संस्थेचा ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड सोर्ड’ हा असा खेळ होय. १९८६ साली आरंभ झालेल्या मालेतील या खेळाचे २००९ साली केवळ एक चित्र दाखविण्यात आले. २०१० साली शिगेरू मियामोतो यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हा बिनतारी लहरींच्या व्यत्ययामुळे पडद्यावरील तलवार त्यांच्या हाताचे ऐकेना. नोव्हेंबर २०११ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला, तो या शंकेची छाया घेऊनच.

कथानक साधे आहे. ढगांवर तरंगणाऱ्या बेटावरील लिंक हा तरुण खालच्या भूमीवर ओढल्या गेलेल्या झेल्डा या बालमैत्रिणीच्या शोधार्थ देवीची तलवार घेऊन उतरतो. हरविलेल्या प्रिय व्यक्तीचा शोध ही अद्भुत कथेची जुनीच वाट होय. नावीन्य आहे ते हातातील साधनाच्या योजनेत.

या योजनेचे महत्त्व कळण्यासाठी याच मालेतील ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ हा २००६ चा खेळ शेजारी ठेवून पाहावा. त्यातही हात हलविला की तलवार चाले. पण हात कोणत्या दिशेने हलविला याला महत्त्व नव्हते. बहुसंख्य खेळणारे उजव्या हाताचे, आणि नायक मात्र परंपरेने डावखुरा. म्हणून ‘वी’ या यंत्रासाठी सिद्ध केलेल्या आवृत्तीत संपूर्ण जगच आरशातल्यासारखे उलटे करण्यात आले. पूर्वेचे गाव पश्चिमेस गेले, तरी कथेच्या अर्थात तिळमात्र फरक पडला नाही. म्हणजे त्या खेळात दिशा हे अर्थभेदक लक्षण नव्हतेच. मराठीत ‘पाणी’ या शब्दातील अंत्य ईकार ऱ्हस्व उच्चारला काय, दीर्घ उच्चारला काय, अर्थ ढळत नाही; तसाच हा प्रकार होय.

२०११ च्या खेळात परिस्थिती पालटली. ‘मोशन प्लस’ या जोडसाधनातील घूर्णदर्शकामुळे मनगटाचे वळणे यंत्रास कळू लागले. आडवा, उभा, तिरपा आणि भोसकण्याचा घाव हे एकमेकांपासून भिन्न ठरले. एका मांसभक्षक वनस्पतीचा जबडा कधी आडवा उघडतो, कधी उभा. घाव त्याच रेषेत बसला तरच ती मरते. ‘जरा’ हा शब्द दन्त्य जकाराने उच्चारला तर ‘थोडेसे’ आणि तालव्य जकाराने उच्चारला तर ‘वार्धक्य’. तद्वत येथे एका कोनाच्या फरकाने अर्थ बदलतो. गिराहिम या प्रतिनायकाचा प्रसंग याहून पुढचा आहे. तो खेळणाऱ्याच्या तलवारीवर नजर ठेवून हात त्या बाजूस नेतो आणि पाते बोटांत पकडतो. त्याला चकविण्यासाठी एका दिशेचा आविर्भाव करून दुसरीकडून घाव घालावा लागतो. चार्ल्स हॉकेट यांनी मानवी भाषेच्या लक्षणांत असत्यकथनाची क्षमताही गणली आहे. ज्या हस्तक्रियेने खोटे बोलता येते, ती केवळ आज्ञा न राहता भाषेच्या उंबरठ्यावर येते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या भाषेत एक मोठे न्यून आहे, आणि ते बीड जिल्ह्यातील वाचकास लवकर जाणवेल. या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास सहस्रावधी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. तेथील व्यवहारात नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. हत्यारानेच माणसाचे नाव घेतले आहे. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखरेचा अंश बुडख्याकडे अधिक. कोयत्याचा प्रत्येक घाव उसाच्या कांडीवर आदळतो आणि तो प्रतिकार मनगटातून खांद्यापर्यंत पोचतो. कोन चुकला की कांडी चिरते, हात दुखतो. अशा रीतीने हत्यार हातास शिकविते. खेळातील तलवार शत्रूच्या ढालीवर पडद्यात अडते, पण खेळणाऱ्याचा हात मोकळ्या हवेत तसाच पुढे जातो. साधनातून उमटणारा क्षीण कंप हा प्रतिकाराचा केवळ निर्देश आहे, प्रतिकार नव्हे. हाताने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी वाचावे लागते. म्हणून येथील कौशल्य अंगी बाणते, पण त्यास श्रमाचा भार येत नाही. खेळास हे सुखाचे असेल. त्यास तलवारीचा ‘अनुभव’ म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होय.

दुसरा दोष शब्दांचा आहे. फाय ही तलवारीत वसणारी आत्मशक्ती नायकास वारंवार थांबवून नुकतेच घडलेले पुन्हा सांगते, संभाव्यतेचे शेकडा प्रमाण ऐकविते, एवढेच नव्हे तर साधनातील विद्युत्घट संपत आल्याचेही कळविते. जेथे हात बोलू लागला आहे तेथेच जिभेने त्याचा अर्थ लावावा, हा क्रियेवरील अविश्वास आहे. कर्त्यांनाही हे उमगले असावे. जुलै २०२१ मध्ये ‘स्विच’ या यंत्रावर निघालेल्या आवृत्तीत फायचे बोलणे बरेच कमी करण्यात आले.

याच आवृत्तीने समीक्षकाच्या हाती एक दुर्मिळ कसोटी दिली. तीत हाताच्या हालचालीऐवजी अंगठ्याने दांडी ढकलूनही तलवार चालविता येते. एक घटक बदलून अर्थ बदलतो का, हे पाहण्याची भाषाशास्त्रातील रीत येथे आयतीच लागू होते. युद्धप्रसंगी फारसा फरक पडत नाही. दिशांचा भेद कायम राहतो, आणि अर्थ त्या भेदात होता, बाहूत नव्हता. एका क्रियेत मात्र फरक पडतो. तलवार आकाशाकडे उंच धरून तेज मिळविणे ही या खेळाची शीर्षकसूचक क्रिया. हात वर जाणे हा तेथे दिशेचा निर्देश नसून आवाहनाचा भाव आहे. अंगठ्याने ते तेज मिळते, आवाहन घडत नाही.

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले पंचीकरण लांबलचक पासोडीवर लिहिले. तो मजकूर छापील पानांवर घेतल्याने तत्त्वविचार उणावत नाही. कापडापुढे उभे राहून सरकत वाचण्याची क्रिया तेवढी जाते. ती क्रिया ग्रंथाचा भाग होती की नव्हती, हा प्रश्न पासोडीच्या वाचकास टाळता येत नाही. ‘स्कायवर्ड सोर्ड’ने तोच प्रश्न करमणुकीच्या क्षेत्रात उभा केला. त्याचे उत्तर खेळाच्या कर्त्यांनी पुरते दिलेले नाही. लढण्याच्या क्रियेचे भाषांतर होते आणि हात जोडण्याच्या वा उंचावण्याच्या क्रियेचे होत नाही, एवढे मात्र त्यांच्या कृतीने सिद्ध केले आहे.