‘आपला माणूस’ आणि त्याचे आत्मकथन

2008 च्या नोव्हेंबरात बराक ओबामा निवडून आले तेव्हा आमच्या वस्तीतल्या वाचनालयात पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांत मी होतो. अमेरिकेतल्या काळ्या माणसाशी आपले नाते काही कालपरवाचे नाही. अमेरिकन काळ्यांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून बाबासाहेबांनी 1946 साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरच्या नावाशी नाते सांगतच. तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये आपला माणूस गेला ही भावना खोटी नव्हती, आणि त्या पेढ्यांची मला आजही लाज वाटत नाही. पण ओबामांचे ‘अ प्रॉमिस्ड लँड’ (2020) हे सातशेहून अधिक पानांचे आत्मकथन वाचून झाल्यावर ‘आपला माणूस’ हे शब्द मला पूर्वीसारखे सहज उच्चारता येत नाहीत. का येत नाहीत, ते येथे मांडतो.

पुस्तक चांगले लिहिले आहे, हे आधीच कबूल करावे. आपल्याकडच्या पुढाऱ्यांची आत्मचरित्रे म्हणजे उद्घाटनांची आणि सत्कारांची नोंदवही असते; तसे हे नाही. ओबामांना भाषा आहे, माणसे पाहण्याची नजर आहे, स्वतःवर शंका घेण्याची सवय आहे. मात्र ही शंका पुस्तकात काय काम करते ते पाहिले पाहिजे. 2008 च्या आर्थिक कोसळीनंतर बँका वाचवल्या गेल्या. कर्ज थकून घरे चाललेल्या 30 ते 40 लाख कुटुंबांना हात देऊ असे 2009 च्या आरंभी सांगितले गेले, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी लोकांपर्यंत तो हात पोचला. मोठ्या बँकांच्या एकाही प्रमुखाला तुरुंग पाहावा लागला नाही. आपण अधिक धीट व्हायला हवे होते का, असे ओबामा स्वतःलाच विचारतात, आणि बहुधा पुन्हा तेच केले असते असे स्वतःच सांगून पुढे जातात. फिर्यादी तेच, वकील तेच, न्यायाधीशही तेच. ज्याचे घर गेले त्याला साक्षीला बोलावलेलेच नाही.

इथे मला आपली आत्मकथने आठवतात. ‘बलुतं’ (1978) किंवा ‘उपरा’ (1980) मधला ‘मी’ एकटा नसतो. त्याच्यामागे अख्खी वस्ती उभी असते, आणि ती त्याला जाबही विचारते. ही पुस्तके आमच्यातल्याच काहींना आवडली नाहीत, लेखकांना घरच्यांचे बोल ऐकावे लागले. तो धोका पत्करून ती लिहिली गेली. ओबामांच्या ‘मी’ला असा जाब विचारणारे पुस्तकात कोणी नाही.

एक अपवाद आहे, त्यांच्या पत्नीचा. निवडणुकीला उभे राहण्यापूर्वी मिशेल विचारतात, तूच का? ओबामांचे उत्तर असे, की ज्या दिवशी मी शपथेसाठी हात वर करीन त्या दिवशी देशातली काळी मुले, उपेक्षितांची मुले स्वतःकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतील. साऱ्या पुस्तकाची किल्ली मला या उत्तरात सापडते. ते आपल्या ओळखीचेही आहे. आपल्यातला कोणी मंत्री झाला की त्याच्या गाडीकडे बोट दाखवून पोरांना हेच सांगितले जाते. त्याने खात्यात काय केले हे मग कोणी विचारत नाही. तो दिसला, एवढे पुरते. ओबामांच्या बाबतीत बोलायची वेळ आली तेव्हा काय झाले हे त्यांनीच प्रामाणिकपणे नोंदवले आहे. जुलै 2009 मध्ये हार्वर्डच्या एका काळ्या प्राध्यापकाला त्याच्या स्वतःच्या घरी अटक झाली. पोलिसांनी मूर्खपणा केला असे ओबामा बोलून गेले, आणि गोऱ्या मतदारांतला त्यांचा पाठिंबा या एका प्रसंगाने जेवढा घसरला तेवढा दुसऱ्या कोणत्याही घटनेने घसरला नाही. पुढे प्राध्यापक आणि पोलीस यांना अंगणात बोलावून बिअर पाजण्यात आली. दिसणाऱ्याने बोलू नये, असा त्यातला धडा.

आणि नुसते दिसणे हेच कार्य ठरले, की ते पद सुटल्यावरही थांबवावे लागत नाही. उलट तेव्हाच त्याला बाजारभाव येतो. 2017 साली पती-पत्नींच्या पुस्तकांचा एकत्रित करार झाला, तो साडेसहा कोटी डॉलरच्या घरातला असल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी वॉल स्ट्रीटवरच्या एका कंपनीपुढे भाषण, मानधन 4 लाख डॉलर. 2018 मध्ये नेटफ्लिक्सशी करार. जुलै 2018 मध्ये जोहान्सबर्गला मंडेलांच्या स्मृत्यर्थ व्याख्यान देताना ते म्हणाले, की माणूस खाऊन खाऊन किती खाईल, घर घेऊन केवढे घेईल. पुरे म्हणायला हवे. पुढच्याच वर्षी मार्थाज व्हिनयार्ड या श्रीमंतांच्या बेटावर त्यांनी सुमारे 29 एकरांची मालमत्ता एक कोटी साडेसतरा लाख डॉलरला घेतली. आता दरवर्षी त्यांची आवडती गाणी आणि पुस्तके यांची यादी निघते आणि वर्तमानपत्रे ती छापतात.

यावर आमचे तरुण मित्र चिडतात. रेगन यांनी 1989 साली जपानात जाऊन भाषणांचे 20 लाख डॉलर घेतले, क्लिंटन यांनी घेतले, ब्लेअर यांनी घेतले. काळ्याने घेतले की तुमच्या पोटात दुखते! हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. दलितांच्या पुढाऱ्याने फाटके राहावे ही अपेक्षा सवर्णांची आहे, माझी नाही. बाबासाहेब सुटाबुटात राहिले, पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्याचा आपल्याला अभिमानच आहे. पण तेच बाबासाहेब, माजी कायदेमंत्री, सप्टेंबर 1956 मध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ छापण्यासाठी पैशाच्या विवंचनेत होते. सरकारने 500 प्रती घ्याव्यात म्हणून त्यांनी नेहरूंना पत्र लिहिले. निधी संपला आहे असे उत्तर आले. ग्रंथ निघाला 1957 साली, त्यांच्या मागे. मला गरिबीचे कौतुक करायचे नाही. त्यांच्या पुस्तकाला बाजारात गिऱ्हाईक का नव्हते एवढेच पाहायचे आहे. विकण्यासारखे स्वतःचे ‘दर्शन’ त्यांनी कधी उभेच केले नव्हते. 18 जानेवारी 1943 ला पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर आणि तिचे नगारे वाजवणाऱ्या, धंदा झालेल्या वृत्तपत्रांवर जे कोरडे ओढले, ते आजही अंगाला लागतात.

नोव्हेंबर 2010 मध्ये आपल्या संसदेत ओबामांनी बाबासाहेबांचे नाव घेतले. आपण टाळ्या वाजवल्या. पण शब्द काय होते? एक दलित स्वतःला वर उचलतो आणि घटना लिहितो. महाडचे तळे नाही, काळाराम नाही, हजारोंची चळवळ नाही. एकट्याने चढलेली शिडी तेवढी. ओबामांनी बाबासाहेबांना आपल्याच आत्मकथनाच्या साच्यात बसवले.

लोकांचा भ्रमनिरास मोठ्याने ओरडून होत नाही. 2012 साली अमेरिकेतल्या काळ्या मतदारांपैकी 66.6 टक्क्यांनी मतदान केले होते. 2016 साली ओबामा उमेदवार नव्हते, तेव्हा हे प्रमाण 59.6 वर आले. बरेच जण गुपचूप घरीच बसले.

पुस्तक मे 2011 पाशी थांबते, म्हणून शिकागोची हकिकत त्यात नाही. ती पुस्तकाशेजारी ठेवून वाचावी. 1985 साली ओबामा शिकागोच्या दक्षिण भागात कार्यकर्ते म्हणून गेले. अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका, लेखी घ्या, ही तिथल्या वस्तीसंघटनेची पहिली शिकवण. त्याच भागात, जॅक्सन पार्कमध्ये, त्यांच्या नावाचे भव्य केंद्र उभे करायचे ठरले. भाडी वाढतील, आम्ही बाहेर फेकले जाऊ, तेव्हा घरे आणि नोकऱ्यांबाबत लेखी करार करा, असे तिथल्या रहिवाशांनी म्हटले. सप्टेंबर 2017 मधल्या सभेत ओबामा पडद्यावरून बोलले. मी स्वतः संघटक होतो, ही वस्ती मला माहीत आहे, असे सांगून त्यांनी करार नाकारला. संघटना मागे हटल्या नाहीत. मोर्चे, सभा, नगरसेवकांच्या दारात खेटे असे तीन वर्षे चालले. 2020 च्या सप्टेंबरात शेजारच्या वुडलॉन वस्तीतल्या घरांना काही संरक्षण देणारा कायदा त्यांनी शिकागोच्या नगरपरिषदेकडून मंजूर करून घेतला.