लाल रेघ कुणी वाचायची?

गोळ्यांच्या स्ट्रिपवरील उभी लाल रेघ ही सरकारने जनतेला दिलेली सूचना आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तिची मोहीम सुरू केली. रेघ असलेली प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, हा तिचा आशय. निरक्षरालाही कळावी अशी खूण निवडली, हे चांगलेच झाले. त्याच वर्षी ब्रिटनमधील जिम ओनील यांच्या अहवालानेही या मोहिमेची दखल घेतली. तरीही संदेश म्हणून ही रेघ तपासली असता आम्हाला तीन उणिवा आढळतात.

पहिली उणीव अर्थाची. ही रेघ रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांवर आणि काही वेदनाशामकांवरही असते, कारण चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची ती खूण आहे. रक्तदाबाची गोळी रोज न चुकता घ्यायची असते. साध्या सर्दीत प्रतिजैविक घ्यायचेच नसते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात. सांगायच्या गोष्टी दोन, खूण मात्र एकच.

दुसरी उणीव भाषेची. रेघेजवळचा इशारा बहुधा इंग्रजीत आणि बारीक ठशात असतो.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर. रेघ पुष्कळदा रुग्णापर्यंत पोहोचतच नाही. नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजसारख्या दाट वस्तीत आजारी माणूस प्रथम गाठतो तो जवळचा छोटा दवाखाना. अशा दवाखान्यांत पुष्कळदा सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत मिळतात: सकाळ-संध्याकाळ, दोन दिवस. पुडीवर ना औषधाचे नाव, ना मुदत, ना रेघ. बरे वाटले नाही म्हणून रुग्ण दुसरीकडे गेला, तर आधी काय घेतले हे त्याला सांगता येत नाही. अंगावर पुरळ उठले, तर कोणत्या गोळीने, हेही कळत नाही.

२०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' यादीतील औषधांची नोंद औषधविक्रेत्याला तीन वर्षे जपावी लागते. पण ती नोंद दुकानातील विक्रीची. दवाखान्यातली पुडी तिच्याबाहेरच राहते. औषध निवडतो डॉक्टर आणि सावधगिरीची सूचना रुग्णाला, हा या मोहिमेचा मूळ दोष आहे. केरळने २०२४ मध्ये प्रतिजैविके निळ्या पाकिटातून देण्यास सुरुवात केली. तिथे खूण निदान औषधाबरोबर घरी जाते.

वर्गात हा विषय सहज घेता येईल. विद्यार्थ्यांना घरातील रिकाम्या स्ट्रिप आणायला सांगाव्यात. रेघ असलेल्या व नसलेल्या वेगळ्या कराव्यात आणि प्रत्येक औषध कशासाठी होते, हे घरी विचारून लिहावे. पुडीतल्या औषधांपुढे रकाना कोरा राहील. चर्चा तिथूनच सुरू करावी. दवाखान्यात विचारायचे प्रश्न तीनच: औषधाचे नाव काय, ते कशासाठी, आणि किती दिवस? उत्तरे पुडीवरच लिहून मागावीत. त्याला नवा कायदा लागत नाही.