यादी खरी, पण पेशी कोणाच्या? नाळेतल्या रक्ताचं माहितीपत्रक वाचताना

संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगते: पेपर वाचायला बसण्याआधी थोड्या जाहिराती वाचा. पेपरमध्ये दावा आणि पुरावा निदान एकाच फाइलमध्ये असतात. जाहिरातीत दावा समोर असतो आणि पुरावा आपल्याला शोधून काढावा लागतो. आजचा नमुना आहे प्रसूतिगृहाच्या वेटिंग रूममध्ये हमखास सापडणारं माहितीपत्रक. बाळाच्या नाळेतलं रक्त आमच्याकडे साठवा, त्यातल्या स्टेम सेल्स पुढे ८० हून अधिक आजारांत कामी येतील, वगैरे. बँकेचं नाव घेत नाही, कारण खासगी बँकांच्या पत्रकांतला मजकूर जवळपास सारखाच असतो आणि आपल्याला भांडायचंय ते मजकुराशी.

आधी विज्ञान. नाळ कापल्यावर नाळेत आणि वारेत थोडं रक्त उरतं, साधारण ५० ते १०० मिलिलिटर. त्यात रक्त बनवणाऱ्या मूळपेशी असतात. त्या वेगळ्या करून द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांपर्यंत गोठवून ठेवता येतात आणि पुढे रुग्णाला देता येतात. यात खोटं काही नाही. १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांच्या चमूने फँकोनी अॅनिमिया झालेल्या एका पाच वर्षांच्या मुलाला असं रक्त दिलं आणि तो बरा झाला. नाळेतल्या रक्ताचं हे जगातलं पहिलं प्रत्यारोपण. पत्रकातही ते अभिमानाने येतं.

पण ते रक्त कोणाचं होतं? त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं. फँकोनी अॅनिमिया हा जनुकीय आजार आहे. मुलाचं स्वतःचं नाळेतलं रक्त जन्मावेळी साठवलेलं असतं तरी ते फुकट गेलं असतं, कारण बिघडलेलं जनुक त्याही पेशींत होतंच. म्हणजे ज्या घटनेचा दाखला देऊन ‘तुमच्या बाळासाठी त्याचंच रक्त साठवा’ असं सांगितलं जातं, ती घटना नेमकं उलट सांगते.

याच नजरेने आता त्या ८० आजारांच्या यादीकडे बघा. थॅलेसेमिया, सिकल सेल, जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार: हे सगळे जनुकीय, इथे दुसऱ्याच्या निरोगी पेशी लागतात. लहान मुलांचा ल्युकेमिया: अनेक मुलांमध्ये या आजाराची पहिली जनुकीय खूण जन्मावेळच्या रक्तातच सापडलेली आहे, म्हणजे साठवलेल्या पिशवीत आजाराचं बीज असू शकतं. शिवाय दात्याच्या पेशी उरलेल्या कर्करोगपेशींवर हल्ला करतात, तो फायदा स्वतःच्या पेशींकडून मिळत नाही. मग मायलोमासारखे आजार. हा बहुतेक उतारवयातला रोग. त्यात रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वापरतात हे खरं, पण त्या उपचाराच्या वेळी त्याच्याच रक्तातून काढून घेतात. साठ वर्षं जुनी पिशवी कशाला लागेल?

म्हणून यादी खोटी नाही म्हणते मी. या आजारांवर मूळपेशींचं प्रत्यारोपण होतंच. वाक्यात फक्त ‘कोणाच्या पेशी’ हे दोन शब्द गाळलेत, आणि सगळा धंदा त्या गाळलेल्या जागेत उभा आहे.

शक्यता किती, हा पुढचा प्रश्न. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१८ साली यावर एकमताचं निवेदन काढलं. साठवलेलं रक्त त्याच मुलाला लागण्याची शक्यता त्यात ०.०४ ते ०.०००५ टक्के दिली आहे. म्हणजे २,५०० त एक ते २ लाखांत एक. दोन टोकांत ८० पट फरक आहे (हा ८० पत्रकात छापत नाहीत!). एवढा रुंद पट्टा दिसला की अंदाजामागची गृहीतकं शोधायला जायचं, ही सवय लावून घ्या. इथे मात्र पट्ट्याचं आशादायक टोक धरलं तरी ‘विमा’ हा शब्द शोभत नाही.

मात्रेचं गणितही एकदा करून बघा, शाळेतलं आहे. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात असं धरतात. दहा किलोच्या बाळाला २५ कोटी, साठ किलोच्या माणसाला १५० कोटी. चांगल्या भरलेल्या पिशवीत शंभर कोटींच्या आसपास असतात, आणि वितळवताना काही मरतात. ‘आयुष्यभराचं संरक्षण’ मूल मोठं झालं की वजनकाट्यावरच अडकतं. त्यात जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ जन्मल्याबरोबर कापू नका, किमान एक मिनिट थांबा, म्हणजे ते रक्त बाळाच्या अंगात जातं आणि लोह वाढतं. तेवढं पिशवीत कमी पडतं. पिशवी भरण्यासाठी घाई केली तर बाळाला आज खात्रीने मिळणारी गोष्ट उद्याच्या शक्यतेपायी जाते.

इथपर्यंतची टीका सोपी होती. अवघड भाग आहे ‘संशोधन चालू आहे’ या वाक्याचा, कारण ते आपल्याच क्षेत्रातून उचललेलं असतं. ऑटिझमचं उदाहरण घ्या. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात २५ मुलांना त्यांचंच नाळेतलं रक्त दिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: उपचार सुरक्षित वाटतो, वागणुकीच्या मोजमापांत सुधारणाही दिसते. पण अभ्यासात तुलनेचा गट नव्हता आणि आपलं मूल काय घेतंय हे पालकांना माहीत होतं. लहान मुलं सहा महिन्यांत वाढतात, शिकतात, थेरपीही चालू असते. सुधारणेचं श्रेय कोणाला द्यायचं?

त्याच चमूने मग नीट चाचणी केली. हे त्यांचं कौतुक, सगळे करत नाहीत. १८० मुलं, काहींना स्वतःचं रक्त, काहींना दात्याचं, काहींना प्लासिबो, आणि कोणाला काय मिळालं हे झाकलेलं. २०२० मध्ये निकाल आला: आधी ठरवलेल्या मुख्य मोजमापात, म्हणजे सामाजिक संवादात, प्लासिबोच्या तुलनेत लक्षणीय फरक नाही. बौद्धिक अक्षमता नसलेल्या मुलांच्या उपगटात मात्र काही मोजमापं चांगली निघाली.

आता गंमत बघा. उपगटाचा निकाल हा पुढच्या चाचणीसाठीचा प्रश्न असतो. मुलांना पुरेशा प्रकारे वाटत गेलं की कुठल्यातरी गटात काहीतरी चांगलं निघतंच. पण जाहिरातीत २०१७ चा निकाल येतो, फार तर २०२० चा उपगट येतो, मुख्य निकाल येत नाही. आणि जाहिरातवाल्यांना एकट्यांना का बोलायचं? आपल्या रिव्ह्यू पेपर्सच्या प्रस्तावनेत ‘आश्वासक परिणाम दिसले आहेत’ म्हणून २५ मुलांचाच अभ्यास टाकून पुढे जाणारे कमी नाहीत. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं वाक्य असेल तर आजच शोधा.

टीका करताना दुसरी बाजू सोडू नये. घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमिया किंवा तसा आजार असेल, तर येणाऱ्या बाळाचं नाळेतलं रक्त जरूर साठवावं. सख्ख्या भावंडांचा एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि जुळलं तर ते रक्त अमोल. सार्वजनिक बँकेला दान करणं हाही वेगळा विषय, कारण तिथली पिशवी गरजू अनोळखी माणसाला जाते. हल्ली काही खासगी बँका सभासदांच्या पिशव्यांचा सामायिक साठा दाखवतात. ‘कोणाच्या पेशी’ या आक्षेपाला ते खरं उत्तर आहे, पण अर्धवट, कारण साठ्याचा फायदा पैसे भरलेल्यांपुरता राहतो. आणि आईवडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींनी होणारी प्रत्यारोपणं वाढल्यापासून नाळेतल्या रक्ताची गरजच कमी झाली आहे.

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्ट आहेत: पुढे स्वतःला लागेल म्हणून नाळेतलं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही. नाळेची ऊती, दात, चरबी यांची व्यापारी बँक तर चालतच नाही. तरी हप्त्यांची सोय असलेली पत्रकं गरोदर बाईच्या हातात पडतात, तीही सातव्या-आठव्या महिन्यात, ‘ही संधी आयुष्यात एकदाच’ या शब्दांत. ज्या घरात हप्ता भरताना दोनदा विचार होतो तिथेही मग नको म्हणायला जीव धजत नाही. लेकराच्या नावाने मागितलेल्या पैशाला नाही म्हणणारी आई वाईट ठरते ना.

पत्रक हातात आलं तर एक आकडा शोधून बघा. किती लाख पिशव्या साठवल्या हे ठळक छापलेलं असतं. त्यांतल्या उपचारासाठी किती बाहेर काढल्या, आणि त्यातल्या किती ज्याच्या नावाने ठेवल्या त्याच मुलाला दिल्या, हे विचारा. उत्तर लेखी मागा.